नेदरलँड्समध्ये बाइकवरून गावं पाहताना: पहिल्या तीन दिवसांच्या फेरीची तयारी

नेदरलँड्सच्या मुख्य भूमीवरची सर्वांत उंच जागा म्हणजे दक्षिण टोकाचं फाल्सरबेर्ख, आणि तीही जेमतेम ३२२ मीटर. घाट आणि खिंडी शोधत इथे कुणी बाइक काढत नाही. इथली मजा नदीच्या बांधावरून वळत जाणाऱ्या अरुंद रस्त्यांची, गाड्या पलीकडे नेणाऱ्या छोट्या फेरीबोटींची आणि दर पंधरा-वीस किलोमीटरवर लागणाऱ्या तटबंदीच्या जुन्या गावांची. धोकाही तिथेच असतो. नवख्याची बाइक सहसा हायवेवर पडत नाही. ती पडते गावात: ओल्या विटांवर, ट्रामच्या रुळात, सायकलस्वाराला चुकवताना, नाहीतर चक्क उभी असताना, मऊ मातीत स्टँड रुतून.

म्हणून अंतर कमी ठेवा. दिवसाला १२० ते १८० किमी, बस्स. नकाशावर हा देश एका दिवसात पार होईल असा दिसतो आणि हायवेने होतोही, पण हायवेवरून दिसतात ती फक्त गोदामं. आतल्या रस्त्यांवर ३०, ५०, ६० आणि ८० अशा मर्यादा सतत बदलत राहतात, त्यामुळे सरासरी ताशी ४० ते ४५ किमीच्या वर जात नाही. १७० किमी म्हणजे चार तास खोगिरावर. त्यात तीन गावं पायी पाहायची, दोनदा कॉफी, एकदा जेवण. दिवस भरला.

आधी कागद

भारतातून पाहुणे म्हणून येणार असाल तर मूळ परवान्यावर गिअरवाल्या मोटरसायकलची नोंद हवी. फक्त गिअर नसलेल्या दुचाकीची नोंद चालणार नाही. सोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो वर्षभर चालतो आणि निघण्याआधी भारतातच काढावा लागतो. हातात आला की आतलं पान उघडून ‘ए’ वर्गासमोर शिक्का आहे का ते पाहा. कारसाठीच्या ‘बी’वर शिक्का आणि ‘ए’समोर कोरी जागा, ही चूक बाइक भाड्याने घ्यायच्या काउंटरवर उघडी पडते, आणि तिथे त्यावर इलाज नसतो.

आम्स्टलव्हीन, आइंडहोवन, द हेग इथे नोकरीसाठी राहणाऱ्या मराठी मंडळींचं गणित वेगळं. पालिकेत नोंदणी झाल्यापासून १८५ दिवस भारतीय परवाना चालतो, पुढे डच परवानाच लागतो. ज्यांना परदेशातून आलेल्या कुशल कर्मचाऱ्यांसाठीची ३० टक्क्यांची करसवलत मिळते त्यांना परीक्षा न देता परवाना बदलून मिळतो. मात्र नवं कार्ड हाती येताच त्यावर मोटरसायकलचा वर्ग आला आहे ना, हे तिथेच पाहून घ्या. बाकीच्यांना लेखी परीक्षा, मग मैदानावर गाडी हाताळण्याची आणि त्यानंतर रहदारीतली, अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात. गटात कुणाकडे ‘ए२’ परवाना असेल तर त्याला ३५ किलोवॉटपर्यंतचीच बाइक चालवता येते, हे बुकिंगच्या वेळीच सांगा.

भाड्याच्या बाइकवर तृतीय पक्षाचा विमा असतोच. विचारायच्या गोष्टी तीन: स्वतःच्या नुकसानीत पहिले किती युरो आपल्या खिशातून जातात, मागे बसणाऱ्याला संरक्षण आहे का, आणि बेल्जियम-जर्मनीत गाडी नेता येते का. तिसरा प्रश्न फालतू वाटतो, पण दक्षिणेत फिरताना सीमा कधी ओलांडली ते कळतही नाही. ताब्यात घेताना बाइकचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा आणि लिव्हरची टोकं, आरशांच्या कडा, सायलेन्सरची खालची बाजू जवळून टिपा. वाद होतात ते याच ओरखड्यांवरून.

बाइक आणि अंगावरचं सामान

पहिल्या फेरीला ५०० ते ७०० सीसीची, सीट बुटकी असलेली बाइक घ्या. हजार-बाराशे सीसीची अवजड ॲडव्हेंचर बाइक फोटोत छान दिसते, पण दिवसातून वीस वेळा विटांच्या उतारावर थांबताना दोन्ही तळपाय जमिनीला टेकणं जास्त कामाचं असतं.

हेल्मेटच्या आत किंवा पट्ट्यावर युरोपीय मान्यतेची खूण शोधा: वर्तुळातलं ‘ई’ आणि त्यापुढे आकडा, आणि २२.०५ किंवा २२.०६ हे मानक. फक्त आयएसआय खूण असलेलं भारतातलं हेल्मेट इथे पुरत नाही. काचेच्या आत धुकं न धरणारी फिल्म लावून घ्या, कारण सकाळच्या दमट हवेत पहिल्या दहा मिनिटांतच काच पांढरी होते. पावसाचा सूट जूनमध्येही बरोबर हवा, आणि तो बॅगेच्या तळाशी नको. कानात फोमचे बोळे घाला. सपाट प्रदेशातला वारा दिवसभर हेल्मेटवर आदळत राहतो आणि संध्याकाळी येणारा थकवा बराचसा त्या आवाजाचा असतो.

दोन माणसं आणि सामान असताना १७ इंची चाकांच्या बहुतेक रोड बाइकना पुढे २.५ आणि मागे २.९ बारच्या आसपास हवा लागते. नेमका आकडा चेनच्या आवरणावर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणारा दांडा) चिकटवलेला असतो. टायर थंड असतानाच मोजा. चेनला मधोमध ढील साधारण २५ ते ३५ मिमी हवी. रिकाम्या बाइकवर ताठ वाटणारी चेन दोन माणसं बसली की आणखी ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जोर येतो.

पूर्ण गटात मिळून हे पुरे: ट्यूबलेस टायरला प्लग लावायचा संच, बॅटरीवर चालणारा छोटा पंप, फ्यूज, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, चेनचं वंगण, आणि प्रत्येकासाठी साईड स्टँडखाली ठेवायची तळहाताएवढी चकती. ही चकती विसरू नका. इथली जमीन बऱ्याच ठिकाणी पीट (दलदलीतली भुसभुशीत माती) किंवा चिकणमाती असते, रस्त्याच्या कडेचं गवत दिसायला घट्ट, पण आत लोणी. बाइक उभी करून फोटो काढायला दहा पावलं जाता, आणि पाच मिनिटांनी मागून धप्प. एखाद्याच्या बाइकला ट्यूबचे टायर असतील तर प्लगचा संच निरुपयोगी, तेव्हा ते आधीच विचारून ठेवा.

पंपावर पेट्रोलच्या नळीवर गोल खूण असते, डिझेलच्या नळीवर चौकोनी. साध्या पेट्रोलवर ‘ई१०’ म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल, महागड्यावर ‘ई५’. आजकालच्या इंजेक्शनच्या बाइकना ई१० चालतं, जुन्या कार्ब्युरेटरवाल्यांनी ई५ भरावं. बरेच पंप माणसाविना चालतात. तिथे आधी कार्ड घालायचं, मग यंत्र शंभर-दीडशे युरो अडकवून ठेवतं आणि नंतर खरी रक्कम कापतं. फॉरेक्स कार्डावर साठ युरो शिल्लक असतील तर पंधरा युरोंचं पेट्रोलसुद्धा मिळत नाही, आणि लोकांना वाटतं कार्डच बिघडलं. ज्याची टाकी सर्वांत लहान, त्याच्या हिशेबाने सगळ्यांनी भरायचं, आणि शक्यतो हायवेच्या बाहेर. हायवेवर दर चढा असतो.

टोळकं किती, कोण कुठे

चार किंवा पाच बाइक. सहाव्यापासून गट सिग्नलवर तुटायला लागतो, आणि तुटलेला गट पकडायच्या घाईत लोक लाल दिवे तोडतात. सात-आठ जण असाल तर सरळ दोन गट करा आणि गावात भेटा.

पुढचा माणूस रस्ता माहीत असलेला. त्याच्या मागे सर्वांत नवखा, म्हणजे वेग आपोआप त्याच्या कुवतीचा राहतो. शेवटी सर्वांत अनुभवी, ज्याच्याकडे अवजारं आणि सगळ्यांचे नंबर. रुंद रस्त्यावर एक डावीकडे, पुढचा उजवीकडे, असं नागमोडी चाला: समोरच्या तिरप्या बाइकपासून एक सेकंद, आपल्या ओळीतल्या बाइकपासून दोन. बांधाच्या अरुंद रस्त्यावर मात्र एकामागे एकच, आणि अंतर जास्त.

रस्ता चुकू नये म्हणून एकच नियम पुरतो. वळण आलं की प्रत्येकाने आरशात मागचा दिसेपर्यंत थांबायचं, तो दिसला की वळायचं. पुढच्याकडे पाहू नका, मागच्याची जबाबदारी घ्या. चौक अडवून आपली रांग काढणं इथे बेकायदा आहे, आणि त्यासारखा शिव्या खाण्याचा दुसरा सोपा मार्ग नाही. हॉर्नही धोका असेल तरच.

नियम: जिथे आपली सवय नडते

वाहतूक उजव्या बाजूने. दिवसभर यात चूक होत नाही, कारण समोर इतर गाड्या असतात. चूक होते ती सकाळी पहिल्यांदा निघताना, पंपावरून बाहेर पडताना आणि रिकाम्या रस्त्यावर फोटो काढून परत निघताना. टाकीवर उजवीकडे बाण काढलेली चिकटपट्टी लावा. पोरकट वाटते, पण उपयोगी पडते. उजवं वळण आता छोटं आणि आवळलेलं असतं, डावं लांब. ओव्हरटेक फक्त डावीकडून.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चौकात कसलीही खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तो रस्ता गल्लीएवढा असला, तुमचा रुंद असला, तरीही. २००१च्या मे महिन्यापासून उजवीकडून येणाऱ्या सायकललाही हाच हक्क आहे, आणि डच माणूस तो हक्क ब्रेकला हात न लावता बजावतो. एरवी रस्त्यावरच्या पांढऱ्या त्रिकोणांची रांग, ज्याला इथे ‘शार्कचे दात’ म्हणतात, ती पाहा. टोकं तुमच्याकडे रोखलेली असतील तर तुम्ही थांबायचं. पिवळा चौकट-आकार पांढऱ्या कडेसह दिसला तर तुमचा रस्ता मुख्य.

याला जोडून एक बारकावा बाहेरून आलेल्यांना सहसा कुणी सांगत नाही. गल्लीतून बाहेर पडताना पदपथ तुमच्या वाटेवरून तसाच सलग पुढे गेला असेल, तुम्ही त्याच्यावर चढून उतरत असाल, तर तो चौक नव्हेच, ते एखाद्याच्या घरातून बाहेर पडल्यासारखं आहे. अशा वेळी सगळ्यांना वाट द्यायची, अगदी चालणाऱ्यालाही. तिथे ‘मी उजवीकडून आलोय’ चालत नाही.

वळताना, त्याच रस्त्यावरून सरळ जाणाऱ्याचा हक्क तुमच्या आधी. उजवीकडे वळताय आणि तुमच्या उजव्या हाताला सायकलमार्ग आहे, तर मागून येणारी सायकल सरळ जाणार आणि तुम्ही थांबणार. आरसा पुरत नाही, मान वळवून पाहा. विजेच्या सायकली ताशी २५ ने येतात आणि त्यांचा आवाज येत नाही. सायकलमार्गावर मोटरसायकल कधीच नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. लाल डांबराचा रुंद रस्ता आणि ‘आउटो ते खास्ट’, म्हणजे ‘मोटारी पाहुण्या’, अशी पाटी असेल तर जाता येतं, पण सायकलींच्या मागे, त्यांच्या गतीने.

गोल चौकात आतल्या वाहनांना वाट, बाहेर पडताना उजवा इंडिकेटर. वस्तीत बहुतेक ठिकाणी भोवतीच्या सायकलमार्गालाही प्राधान्य असतं, वस्तीबाहेर बहुधा नसतं. निकाल शार्कचे दात देतात. मोठ्या चौकांत ‘टर्बो’ प्रकार भेटेल: १९९०च्या दशकात इथेच घडलेली रचना, ज्यात मार्गिका आत शिरण्याआधीच निवडायची आणि मग बदलायची नाही. मार्गिकांच्या मध्ये उंच कडा असतात. कारला त्या नुसत्या खडखडतात, वळणात झुकलेल्या बाइकचं पुढचं चाक त्या उडवू शकतात. चुकीची मार्गिका धरली तर निमूट चुकीच्या बाजूला बाहेर पडा आणि पुढून वळून या.

वेगमर्यादा: वस्तीत ५०, अनेक शहरांत आता ३०. आम्स्टरडॅममध्ये डिसेंबर २०२३पासून बहुतेक रस्त्यांवर ३०च आहे. वस्तीबाहेर ८० किंवा ६०. हायवेवर सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळात साधारण १००, पाटी वेगळं सांगत नसेल तर. खेळणारी मुलं आणि घर असं चित्र असलेल्या निळ्या पाटीच्या आत ताशी १५, आणि माणसं अख्ख्या रस्त्यावर चालू शकतात. काही ठिकाणी दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजतात, त्यामुळे कॅमेऱ्यापुढे ब्रेक मारण्याची हुशारी वाया जाते. दंड भाडेकंपनीकडे जातो आणि तिथून तिच्या शुल्कासह तुमच्याकडे येतो. चालवताना हातात फोन दिसला तर ४०० युरोंच्या वर दंड आहे, तेव्हा फोन हँडलवर घट्ट बसवा आणि चालत्या गाडीवर त्याला बोट लावू नका. मार्गिकेवर दिव्यांची लाल फुली दिसली तर ती मार्गिका बंद म्हणजे बंद.

वाहतूक तुंबली की हायवेवर सर्वांत डावीकडच्या दोन रांगांमधून बाइक पुढे काढणं इथे चालवून घेतात. अट अशी की तुमचा वेग रांगेपेक्षा फार तर १० किमीने जास्त असावा. एखादी कार बाजूला सरकून जागा देते तेव्हा उजवा पाय जरा बाहेर काढून आभार मानायची इथल्या बाइकस्वारांची रीत आहे. समोरून येणाऱ्या बाइकवाल्याला डावा हात. सिग्नलला थांबताना डांबरात कापलेल्या रेषांचा चौकोन दिसेल, त्यावरच थांबा. खाली गाडी ओळखणारी तार असते. दोन फूट पुढे उभे राहिलात तर हिरवा येतच नाही.

विटा, रूळ, पूल

जुन्या गावांत रस्ते भाजक्या विटांचे. कोरडे असताना ठीक, पण ओले झाले की, आणि त्यावर लिंडनच्या झाडांचा चिकट थर असला की, साबण. वळण्याआधी सरळ रेषेत वेग कमी करा, वळणात ब्रेक आणि गिअरला हात नको, थ्रॉटल स्थिर. ट्रामचे रूळ शक्य तेवढे काटकोनात ओलांडा. रुळाला समांतर जात जात हळूच तिरपं व्हायला गेलात की टायर खोबणीत बसतो आणि बाइक तुमच्या हातात राहत नाही. साध्या चौकात ट्रामला उजवं-डावं काही नाही, ती आधी.

उघडझाप होणाऱ्या पुलांवर मध्ये लोखंडी जाळी किंवा पत्रा असतो. त्यावरून जाताना हँडल किंचित हलतं. ते हलू द्या, आवळून धरू नका. पूल उघडला की इंजिन बंद करून शांत बसायचं, जहाजाला घाई नसते.

पोल्डरच्या, म्हणजे पाणी उपसून मिळवलेल्या सखल जमिनीच्या, रस्त्यांना दोन्ही बाजूंनी पाण्याचे चर असतात, कठडा नसतो. समोरून ट्रॅक्टर आला तर कडेच्या जाळीदार सिमेंट विटांवर उतरण्याऐवजी थांबून त्याला जाऊ द्या. सप्टेंबर ते नोव्हेंबर बटाटा आणि बीट काढणीचा हंगाम असतो, ट्रॅक्टरच्या चाकांची चिकणमाती डांबरावर पसरते. त्यावर पाऊस पडला की निसरडेपणात तिला तोड नाही. घसरणाऱ्या गाडीच्या चित्राची पाटी दिसली तर ती खरी माना.

गावात शिरू नका, गावाशी थांबा

जुन्या गावाचा नकाशा पाहिला की बहुतेक वेळा पाण्याचा खंदक गोल फिरलेला दिसतो. बाइक त्या खंदकाच्या आत नेऊ नका. आत एकेरी गल्ल्या, मधूनच जमिनीतून वर येणारे खांब, बाजाराचे तंबू, आणि दर दहा मीटरवर सायकल. वेशीजवळ बाइक लावा आणि पायी आत जा. कुठल्याही गावाचा व्यास चालत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नसतो.

मोटरसायकल पदपथावर लावता येते आणि बहुतेक ठिकाणी फुकट, मात्र चालणाऱ्याला, व्हीलचेअरला आणि बाबागाडीला जागा राहिली पाहिजे. अंधांसाठीच्या खाचांच्या पट्टीवर, दारासमोर, दुकानाच्या काचेला खेटून नाही. पाचही बाइक एकाच कोपऱ्यात कोंबण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी लावल्या तर कुणाच्या डोळ्यांत येत नाहीत. कुलूप ‘एआरटी’ या डच मानकाचं चार ताऱ्यांचं घ्या आणि साखळी फ्रेममधून एखाद्या पक्क्या वस्तूला. नुसत्या पुढच्या चाकात अडकवली तर चाक सोडून बाइक उचलता येते. डिस्क लॉकला हँडलपर्यंत रंगीत दोरी बांधा, नाहीतर कुलपासकट निघण्याचा पराक्रम कुणीतरी करतोच.

आम्स्टरडॅम या बेतात बसवू नका. ते शहर बाहेर बाइक ठेवून ट्रेनने पाहायचं.

फेरीबोट

लेक, मास, वाल या नद्यांवर छोट्या बोटी सतत ये-जा करतात. चढताना लोखंडी उतार ओला असतो: बाइक सरळ, पहिला गिअर, पुढचा ब्रेक नाही. कर्मचारी दाखवेल तिथे थांबा, इंजिन बंद, गिअर पहिल्यात, साईड स्टँड, आणि बाइकजवळच उभं राहा. न्यूट्रलमध्ये ठेवली तर बोट धक्क्याला लागताना ती स्टँडवरून पुढे सरकते. पैसे बोटीवरच द्यायचे. काही सुटी नाणी असू द्या. नदीला पूर आला किंवा पाणी फार उतरलं तर बोट बंद राहते, आणि काही ठिकाणी रविवारी सकाळी उशिरा सुरू होते. म्हणून प्रत्येक बोटीसाठी जवळच्या पुलाचा पर्याय आधीच आखून ठेवा.

तीन दिवस

पहिला दिवस, साधारण १२० किमी. उट्रेख्तहून वायक बाय डूरस्टेडे: जुन्या वेशीवर बांधलेली पवनचक्की इथे आहे. तिथून बोटीने लेक ओलांडून रायस्वायक, मग ब्यूरेन. हे एवढंसं गाव आहे, आणि डच स्वातंत्र्यलढ्याचा नेता, ऑरेंजचा विल्यम, याचं लग्न १५५१ साली इथेच झालं. टील, वार्डनबुर्ख, पुलावरून वाल पार करून झाल्टबोमेल. मग हॉइस्डेनची तटबंदी, तिच्यावरून चक्कर मारता येते. मुक्काम डेन बॉसला. तिथला ‘बॉसे बोल’ म्हणजे क्रीमने भरलेला, चॉकलेटने मढवलेला टेनिसच्या चेंडूहून मोठा गोळा. दोघांत एक पुरे.

या दिवशी एक अडचण हमखास येते. नदीकाठच्या बांधांचे काही तुकडे आवाजाच्या तक्रारींमुळे मोटरसायकलींना बंद केलेले आहेत, बरेचदा फक्त शनिवार-रविवारी. लाल कडेच्या गोलात काळी मोटरसायकल ही ती पाटी, आणि खालच्या छोट्या पाटीवर दिवस आणि वेळ. फोनवरच्या नकाशाला हे बहुधा ठाऊक नसतं. शक्य असेल तर पहिला दिवस शुक्रवारी ठेवा. ‘बेस्टेमिंग्सफरकेअर’ असा शब्द दिसला तर अर्थ: तिथल्या घरी काम असेल त्यानेच जायचं. पिवळ्या पाट्या वळसा दाखवतात, त्यांचं ऐका.

दुसरा दिवस, सुमारे १७० किमी. खेरट्राउडेनबेर्ख, मग ताऱ्याच्या आकाराच्या तटबंदीचं विलेमस्टाड. एन५९ हा रस्ता सरळ, रटाळ आणि वर्दळीचा आहे, तो फक्त संपवायचा. झीरिकझेला जेवा. पुढे १९६५ साली उघडलेला झीलंड पूल, ५ किमीहून थोडा लांब. फेरे हे चिमुकलं बंदर पाहून मिडलबुर्ख. वेंगुर्ल्याला डच वखार घालणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीचं आम्स्टरडॅमनंतरचं मोठं ठाणं हेच. मराठी माणसाने इथे थोडं रेंगाळायला हरकत नाही.

तिसरा दिवस, तेवढाच. एन५७ वरून पूर्व स्खेल्ट या खाडीवरचा वादळबंधारा. १९५३च्या महापुरानंतर हाती घेतलेल्या कामांतला हा सर्वांत मोठा, १९८६ साली पुरा झालेला, ६२ पोलादी दरवाज्यांचा. मग ब्रिले, तिथून हायवेने गाउडा. एप्रिल ते ऑगस्टमध्ये गुरुवारी सकाळी तिथे चीजचा बाजार भरतो. शेवटी आउडेवाटर, जिथे चेटकीण ठरवलेल्या बायकांना वजन करून निर्दोष सोडत, तो काटा अजून आहे. पुन्हा उट्रेख्त.

पाट्यांवर ‘जी’ अक्षर दिसतं आणि तोंडात ‘ख’ येतो, हे लक्षात ठेवलं की वाट विचारणं सोपं जातं. शाकाहारी असाल तर चीजचा ब्रेड, मटाराचं घट्ट सूप (त्यात सॉसेज असतं, विचारा), पाननकुक (डच धिरडं) यावर दिवस निघतो. लहान गावांत सोमवारी सकाळी बरीच दुकानं बंद असतात.

वारा

झीलंड पूल आणि वादळबंधारा इथे पाऊस नव्हे, वारा ठरवतो. हवामान खात्याचा पिवळा इशारा असेल तर थांबून विचार करा, नारिंगी असेल तर निघूच नका. बोफर्ट (वाऱ्याचा जोर मोजायची श्रेणी) ६च्या पुढे आडवा वारा असताना उंच बॅगा आणि मागे बसलेला माणूस शिडाचं काम करतात. मोठ्या ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताना वारा एकदम आदळतो. त्या क्षणी मार्गिकेच्या वाऱ्याकडच्या अर्ध्या भागात असा, म्हणजे ढकलले गेलात तरी आत राहाल. हात सैल, गुडघे टाकीला घट्ट. पावसासाठी ‘बायनराडार’ हे ॲप पुढच्या दोन तासांचे ढग दाखवतं, आणि इथे दोन तासांहून पुढचा बेत तसाही कुणी पावसाच्या भरवशावर करत नाही. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो, सगळी गावं माणसांनी भरलेली, तो दिवस टाळा. एप्रिलच्या मध्याला लिसेच्या ट्यूलिप पट्ट्यातही शनिवार-रविवारी हाल असतात.

बिघडलं तर

हायवेवर बंद पडलात तर बाइक कडेला, माणसं कठड्याच्या पलीकडे. ठिकाण सांगायला रस्त्याच्या कडेला दर १०० मीटरवर छोटी हिरवी पाटी असते, तिच्यावर रस्त्याचं नाव, बाजू आणि किलोमीटर. ११२ वर फोन लावून एवढं वाचून दाखवलं की पुरतं. कुणी जखमी नसेल तर पोलिसांचा साधा नंबर ०९००-८८४४. एएनडब्ल्यूबी या वाहनचालकांच्या संघटनेची पिवळी मदतगाडी सभासदांसाठी येते, भाड्याच्या बाइकसाठी मात्र आधी भाडेकंपनीच्या नंबरवर विचारा, नाहीतर बिल तुमच्या नावावर. दोन वाहनांची टक्कर झाली तर युरोपभर चालणारा अपघाताचा निळा-पिवळा अर्ज दोघांनी जागेवरच भरून सह्या करायच्या. तो भाडेकंपनीकडून निघतानाच मागून घ्या आणि सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत पेनासकट ठेवा, कारण पावसात भिजलेल्या कागदावर बॉलपेन चालत नाही.